तेरड्याचं वर्ष

मृगाच्या सरी पडून गेल्या की कोकणात गडग्यांच्या कडेला, घाटरस्त्यांच्या उतारांवर आणि जांभ्याच्या फटीत साचलेल्या चिमूटभर मातीतही इवल्या गोलसर पानांच्या जोड्या दाटीनं वर येतात. ही पेरणी कुणा माणसाची नसते. गेल्या वर्षीच्या तेरड्यानं वाळण्याआधी ती उरकलेली असते, आणि पूर्ण हिवाळा-उन्हाळा बी मातीत पडून राहिलेलं असतं. आषाढात त्याची गुडघाभर रोपं होतात, श्रावणात ती फुलू लागतात, भाद्रपदात कित्येक घरांत गौर म्हणून येतात आणि पाऊस ओसरला की पिवळी पडून संपून जातात. उगवणं, फुलणं, बी धरणं आणि मरणं हे सगळं एका हंगामात उरकणाऱ्या अशा वनस्पतींना वर्षायू म्हणतात.

घरच्या बागेत आपण वर्षायू फुलझाडं नेहमीच लावतो. पण त्यांची मायभूमी पाहिली तर झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस मेक्सिकोकडचे निघतात, पेटुनिया दक्षिण अमेरिकेचा. या फुलांशी काही वैर नाही. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही. तरीही ज्या पावसावर आणि ज्या मातीवर आपण राहतो, तिथलंच एखादं रानफूल अंगणात असावं असं वाटत असेल, तर सुरुवात तेरड्यापासून करावी. तो मूळचा भारत-म्यानमार भागातला आहे, सह्याद्रीत आपसूक उगवतो, कुंडीत मानवतो आणि नवख्या माणसालाही दाद देतो. मात्र त्याची एक अट आहे. गुलाब किंवा मोगरा लावला की झाड सांभाळायचं असतं. वर्षायू रानफुलाचं झाड जाणारच असतं, त्याचं बी सांभाळावं लागतं. ही अट समजली की बाकीची बागकाम-विद्या सोपी आहे.

तेरडा ओळखायचा कसा

तेरड्याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. हे नाव लिनिअसनं 1753 साली दिलं. या प्रजातीच्या गोतावळ्यात जगभरात एक हजाराहून जास्त जाती आहेत, भारतातच दोनशेहून अधिक सापडतात, आणि पश्चिम घाटातल्या बऱ्याचशा जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांची फुलं इतकी नाजूक असतात की वाळवून कागदावर चिकटवली की आकार ओळखू येत नाही. जोसेफ हूकर हा भारतीय वनस्पतींचा मोठा अभ्यासक 1911 साली वारला. आयुष्याची अखेरची वर्षं त्यानं या गटाचा गुंता सोडवण्यात घालवली होती.

आपला तेरडा ओळखायला मात्र अवघड नाही. खोड रसरशीत, जवळजवळ पारदर्शक, पेरांशी फुगलेलं आणि बहुधा तांबूस झाक असलेलं. पानं लांबट, टोकदार, करवती कडांची. उंची साधारण 20 ते 75 सेंटिमीटर. फुलं पानांच्या बगलेत, बारीक देठावर, एकेकटी किंवा दोन-तीन मिळून येतात. रानात गुलाबी आणि जांभळट छटा अधिक दिसतात, पांढरी आणि लालही असतात.

खोडाच्या या पारदर्शकपणामुळे तेरडा शाळेतही पोचला आहे. लाल रंगाच्या पाण्यात तेरड्याचं रोप ठेवलं की काही वेळानं खोडातून वर चढणाऱ्या लाल रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. झाड मुळांकडून पानांकडे पाणी कसं नेतं, हे दाखवायला इतकं सोयीचं रोप क्वचितच मिळेल. घरात लहान मूल असेल तर विरळणी करताना उपटलेलं एखादं रोप या प्रयोगासाठी राखून ठेवावं.

फुलाची युक्ती

तेरड्याचं फूल बाजूनं पाहावं. मागच्या अंगाला एक बारीक, बाकदार शेपटीसारखी नळी दिसते. फुलाच्या एका निदलाची ती झालेली असते आणि तिच्या टोकाला मकरंद साठतो. समोरच्या पसरट पाकळ्या कीटकाला उतरायला जागा देतात. मकरंदापर्यंत पोचायचं तर कीटकाला तोंड आत घालावं लागतं, आणि तेवढ्यात फुलाच्या छताला लटकलेले पुंकेसर त्याच्या पाठीला किंवा डोक्याला परागकण फासतात.

या पुंकेसरांची रचना नवलाची आहे. पाचही पुंकेसर वरून एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांची टोपी होऊन ती स्त्रीकेसरावर बसलेली असते. फूल उमलतं तेव्हा ते केवळ नर असतं. पराग वाटून झाले की टोपी गळून पडते, खालचा स्त्रीकेसर उघडा होतो आणि तेच फूल मादीचं काम करू लागतं. त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलावर पडण्याची शक्यता कमी होते. एका झाडावर दोन्ही अवस्थांतली फुलं एकाच वेळी असतात. सकाळी भिंग घेऊन बसलात तर टोपी असलेली आणि टोपी गळालेली फुलं वेगळी ओळखता येतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपण फार न टिकणाऱ्या उत्साहासाठी वापरतो. एकट्या फुलापुरती ती खरी आहे, कारण ते काही दिवसांतच गळतं. रोप मात्र खालून वर नवनवी फुलं काढत आठवडेच्या आठवडे बहरात राहतं. बागेत तेरडा लावणाऱ्याला तीन दिवसांचा नव्हे, दीड-दोन महिन्यांचा रंग मिळतो.

बी कुठून आणायचं

इथे पहिली निवड करावी लागते. दुकानात मिळणारं बी बहुतेकदा दुहेरी फुलांच्या बागायती तेरड्याचं असतं. तेरडा सोळाव्या शतकातच युरोपच्या बागांत पोचला होता. पुढे माळ्यांनी निवड करत करत गच्च पाकळ्यांचे, गुलाबासारखे दिसणारे वाण तयार केले. ते देखणे आहेत, पण पाकळ्यांच्या गर्दीत मकरंदाकडे जाणारी कीटकाची वाट अडते. मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत असं वाटत असेल तर एकेरी फुलांचा, रानातल्या चालीचा तेरडा लावावा. दोन्ही शेजारी लावले तर त्यांचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी बियांतून काय उगवेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून एकाच प्रकारावर थांबावं.

रानातला तेरडा आणायचा म्हणजे रोप उपटून आणायचं नाही. एक तर ते रसरशीत खोड वाटेतच मान टाकतं, आणि दुसरं, फुलावर असताना उपटलेलं रोप रानाला बी न देताच जातं. गावाकडच्या घरामागे, ओळखीच्या शेताच्या बांधावर, मालकाला विचारून मूठभर पिकलेली बोंडं घ्यावीत. उरलेली तिथेच राहू द्यावीत. अभयारण्य, राखीव वन किंवा संरक्षित पठार अशा ठिकाणाहून काहीच आणू नये, बीसुद्धा नाही.

कासच्या पठाराबद्दल इथेच सांगायला हवं. 2012 साली पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. तिथे जो गुलाबी गालिचा पसरतो त्यात तेरड्याच्या गटातली लहानखुरी जात मोठ्या प्रमाणावर असते. तिच्याबरोबर पिवळी सोनकी, मिकी माउस म्हणून प्रसिद्ध झालेला कवला, पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवं असतात. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. ओल्या मातीत दडलेल्या बारीक पिशव्यांनी ती सूक्ष्म जीव पकडते. ही सगळी मंडळी जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, ठरावीक ओलीत जगतात. कुंडीतल्या सुपीक मातीत त्यांचं जमत नाही. प्रत्येक देखणं रानफूल अंगणासाठी नसतं, आणि ज्याचं त्याच्या जागीच राहणं योग्य आहे त्याला पाहायला आपण जावं. बांधावरचा साधा तेरडा मात्र माणसाच्या वस्तीजवळ सहज राहणारा आहे, म्हणून त्याला घरी बोलवायला हरकत नाही.

पेरणी आणि विरळणी

पेरणीचा उत्तम काळ म्हणजे मृग, जूनचा पहिला-दुसरा आठवडा. पहिला पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली आणि वापसा आला की बी टाकावं. पेरल्यापासून फुलं यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात.

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. तेरड्याला पाणी खूप आवडतं, पण साचलेलं पाणी त्याला मारतं. घाटात दोन-तीन हजार मिलिमीटर पावसात तो मजेत राहतो, कारण तिथे उतार असतो आणि पाणी मुळांपाशी थांबत नाही. देशावरच्या काळ्या चिकण मातीत लावायचा तर तिच्यात वाळू किंवा मुरूम मिसळावा, आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावा. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू हे मिश्रण पुरतं. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, हे पाऊस सुरू होण्याआधी पाहून घ्यावं. खताचा मोह आवरावा. नत्र जास्त झालं की रोप उंच, लुसलुशीत आणि कमकुवत होतं, पानंच पानं येतात आणि जोराच्या सरीत ते आडवं पडतं.

बी पृष्ठभागावर विखरून वर अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती पसरावी. खोल पुरू नये. आठवड्याभरात अंकुर दिसू लागतात. आधी दोन गोलसर दलं येतात, मग करवती कडांची खरी पानं. ही दलं ओळखायला शिकणं महत्त्वाचं, कारण याच काळात केना, आघाडा, गवत असं बरंच काही उगवत असतं आणि तण काढताना तेरडाच उपटला जातो.

रोपांना चार-पाच पानं आली की विरळणी करावी. जमिनीत दोन रोपांमध्ये 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवावं. 30 सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत तीन रोपं पुरेत. दाटी ठेवली तर हवा खेळत नाही आणि सततच्या ओलीत खोड जमिनीपाशी कुजतं. कुजलेलं रोप दिसताच मातीसकट काढून टाकावं, म्हणजे शेजारची वाचतात.

उन्हाचं म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं ऊन पुरतं. पूर्वेकडची गॅलरी त्याला फार मानवते. पावसानं आठ-दहा दिवस ओढ दिली तर दुपारी तेरडा मलूल होतो. संध्याकाळी तो आपसूक सावरला तर काळजी नाही. सकाळीही पानं लोंबलेली असतील तर मात्र पाणी द्यावं.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे गोगलगाय. कोवळं, पाणीदार खोड तिला आयतंच मिळतं आणि एका रात्रीत वाफा साफ होऊ शकतो. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचणं, कुंड्यांच्या आडोशाला लपलेल्या दिवसा शोधणं, हाच भरवशाचा उपाय. चुन्याची रेघ पहिल्याच सरीत वाहून जाते.

येणारे-जाणारे

बहर सुरू झाला की पाहुण्यांची ये-जा पाहण्यासारखी असते. निळ्या पट्ट्यांची मधमाशी फुलाफुलांवर थांबत जाते. हॉकमॉथ जातीचे पतंग फुलासमोर हवेतच तरंगत लांब सोंड नळीत घालतात. फुलपाखरंही येतात. एखाद्या दिवशी पानांवर बोटाएवढी गडद रंगाची अळी दिसेल, अंगावर डोळ्यांसारखे पिवळे-तांबडे ठिपके आणि शेपटाकडे शिंगासारखा काटा. घाबरून औषध मारू नये. ती थेरेट्रा नावाच्या हॉकमॉथची अळी असते आणि तेरड्याची पानं हे तिचं आवडतं अन्न आहे. ती विषारी नसते, डसत नाही. दोन-चार रोपं तिनं ओरबाडली तरी बाकीची उरतात. स्थानिक फुलझाड लावण्याचं कारणच हे आहे की त्याच्यावर कुणीतरी जगतं. ज्या झाडाचं पानही कुणी खात नाही, ते बागेत असलं काय आणि चित्रात असलं काय, कीटकांच्या लेखी सारखंच. म्हणून तेरड्यावर कीटकनाशक कधीच वापरू नये.

माणसालाही या झाडाचा एक रंग मिळालेला आहे. मेंदीच्या पानांत जे लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते तेरड्यातही असतं. कोरियात उन्हाळ्यात तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून नखांवर बांधतात आणि नखं केशरी होतात. पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग टिकला तर मनातलं प्रेम सफल होतं, अशी तिकडे समजूत आहे.

गौरीचा तेरडा

ज्येष्ठा गौरीचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होतं. कुठे मुखवट्याच्या गौरी असतात, कुठे खड्यांच्या, तर कोकणात अनेक घरांत तेरड्याच्या. मुळांसकट आणलेली रोपं म्हणजेच गौर, आणि तिची मुळं म्हणजे तिची पावलं, ही तिथली श्रद्धा. झाडाला, तेही बांधावरच्या रानझाडाला, माहेरवाशीण मानून घरात घेणं ही आपल्या सणांतली फार सुंदर गोष्ट आहे.

पूर्वी प्रत्येक घर आपल्याच परसातून किंवा बांधावरून चार रोपं घेत असे. आता शहरांतल्या बाजारांत त्या दोन दिवसांत तेरड्याच्या जुड्या रचलेल्या दिसतात. त्या कुठल्यातरी डोंगरउतारावरून मुळांसकट आलेल्या असतात, आणि गौरीचा मुहूर्त नेमका तेव्हा असतो जेव्हा रोपं फुलावर असतात पण बहुतेक बोंडं पिकायची असतात. त्याच उतारावरून दरवर्षी सगळीच रोपं उचलली गेली तर पुढच्या वर्षीसाठी मातीत बी उरणार नाही. परंपरा सोडण्याची गरज नाही. गौर घरच्या वाफ्यातून आणावी, म्हणजे परंपराही राहते आणि डोंगरही.

त्यासाठी पेरणीचं गणित सोपं आहे. अधिक मासामुळे गौरी कधी ऑगस्टच्या अखेरीस येतात, कधी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पंचांग पाहून तारीख काढावी आणि तिच्या तीन महिने आधी पहिली पेरणी करावी. ती मेअखेरीस आली तर वाफा हातानं भिजवावा. पंधरा दिवसांनी दुसरी पेरणी केली तर पाऊस लांबला तरी अडत नाही. गौरीसाठी रोपं घेताना दाट जागेतली घ्यावीत. निम्मी तरी रोपं वाफ्यात उभी राहिली पाहिजेत, कारण तेरड्याचं सगळ्यात मोलाचं काम अजून व्हायचं असतं.

बोंड फुटण्याआधी

ते काम म्हणजे बी. फूल गळाल्यावर तिथे दोन्ही टोकांना निमुळतं, मधे फुगीर, लवदार बोंड धरतं. त्याच्या भिंती पाच पाकळांच्या असतात. बोंड पिकत जातं तसा त्या पाकळांमध्ये पाण्याच्या दाबानं ताण साठत जातो आणि त्यांना जोडणारे सांधे मात्र कमकुवत होतात. मग वाऱ्यानं, पावसाच्या थेंबानं किंवा बोटाच्या स्पर्शानं सांधे सुटतात, पाकळ क्षणार्धात आत वळतात आणि बिया चारी दिशांना उडतात. मुलांना हा खेळ फार आवडतो. त्यांना तो खेळू द्यावा, कारण त्यात पेरणीही होते.

पण थोडं बी हाती लागायला हवं. बोंड गच्च फुगलं आणि हिरव्याचं फिकट पिवळसर झालं की ते पिकलं समजावं. मूठ बोंडाभोवती आधी पूर्ण मिटावी आणि मगच ते तोडावं, म्हणजे फुटलं तरी बिया तळहातातच राहतात. किंवा फांदीवर मलमलीची छोटी पिशवी सैलसर बांधून ठेवावी. गोळा केलेल्या बारीक, गोल, काळपट तपकिरी बिया कागदावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवाव्यात. ओलसर बियांना बुरशी येते. वाळल्यावर कागदी पाकिटात घालून वर वर्ष आणि जागा लिहावी, आणि पाकीट कोरड्या डब्यात ठेवावं.

यानंतरचं काम बागप्रेमी माणसाला सर्वांत जड जातं. ऑक्टोबरमध्ये तेरडा पिवळा पडतो, खालची पानं गळतात, खोडं कलतात. वाफा विस्कटलेला दिसतो आणि हात सफाईकडे जातो. तिथे थांबायचं असतं. शेवटची बोंडं फुटेपर्यंत रोपं उभीच राहू द्यावीत. त्यानंतर खोडं जमिनीलगत कापावीत, मुळं मातीतच सोडावीत आणि कापलेली खोडं त्याच जागी पसरावीत. तो वाफा मेपर्यंत खोल खणू नये. कुंडीत हिवाळी भाजी घ्यायची असेल तर वरची दोन बोटं माती काढून वेगळी ठेवावी आणि जूनमध्ये परत पसरावी, कारण बी त्याच थरात आहे.

आपलं फूल आणि परकी जमीन

एखादं फूल स्थानिक असतं ते ठरावीक जागेपुरतं, हे तेरड्याच्या एका नातेवाइकावरून चांगलं कळतं. हिमालयातला उंच तेरडा 1839 साली शोभेसाठी ब्रिटनमध्ये नेला गेला. हिमालयात त्याला खाणारे कीटक आणि जडणारे रोग आहेत. ब्रिटनमध्ये ते नव्हते. बोंडांतून कित्येक मीटर उडणाऱ्या बिया नदीच्या पाण्याबरोबर वाहत गेल्या आणि काठचे काठ त्यानं व्यापले. तिथल्या स्थानिक वनस्पती त्याच्या सावलीत दबल्या, आणि हिवाळ्यात तो मेल्यावर उघडा पडलेला काठ पाण्यानं झिजू लागला. 2017 साली युरोपीय संघानं त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना गौरीसाठी तेरडा लावावासा वाटणं स्वाभाविक आहे, पण त्यांनी आधी तिथले नियम पाहावेत, बी इथून नेऊ नये आणि लावलाच तर बोंडं पिकण्याआधी खुडावीत. तिथल्या मातीचा मान तिथल्या रानफुलांना द्यावा.

बियांचे तीन वाटे

पहिल्या हंगामाच्या अखेरीस हाती आलेल्या बियांचे तीन वाटे करावेत. एक वाटा येत्या मृगात पेरायचा. दुसरा डब्यात राखून ठेवायचा, कारण एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी गोगलगायी सगळं संपवतात, आणि वर्षायू झाडाला एक हंगाम हुकला तर मागे काहीच उरत नाही. तिसरा वाटा शेजारी, नातेवाईक, सोसायटीतली मुलं यांना द्यायचा, आणि देताना पेरायचं कसं हेही सांगायचं. आपला वाफा एखाद्या वर्षी रिकामा राहिला तर बी मागायला जाता येईल अशी चार घरं त्यातूनच तयार होतात. पुढची काही वर्षं हे नेमानं झालं, तर गल्लीतल्या गौरींसाठी डोंगरावरची रोपं उपटावी लागणार नाहीत.